भावी डॉक्टर, मुक्काम अमडापूर

अमडापूर,
२५ ऑगस्ट २०२५

चि. मनाली हिस,
ताईचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक, तू तिकडे ठीक असशील असं धरून चालते.

तू विचारतेस, ताई, तुला अजून खरंच डॉक्टर व्हायचं आहे का, की आता नुसती सवय झाली आहे? मनाली, याचं उत्तर मला येत नाही. पत्र उशीखाली ठेवून झोपले, तरी आलं नाही. बी.एस्सी.च्या पेपरात न येणारा प्रश्न मी शेवटी ठेवायचे, तसा हाही ठेवते. आधी येणारे सोडवू.

तुमच्या लातूरच्या हॉस्टेलने मोबाइल जमा करून घेतले ते एका अर्थी बरंच झालं. रविवारचा तो फोन म्हणजे वॉर्डनबाईंचं टेबल, स्पीकर चालू आणि तुझ्यामागे पोरींची रांग. त्यावर बरी आहेस का, हो बरी आहे, याच्या पुढे काही बोलता येत नाही. पोस्टमन कचरूभाऊ परवा म्हणाले की या गावात आता दोनच प्रकारचं टपाल येतं, बँकेची नोटीस आणि मनालीचं पत्र, आणि पत्र द्यायला आलं की निदान चहा मिळतो.

पोळा झाला. बैलं गेली, गोंगाट गेला, पण माझा फ्लेक्स काही गेला नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात उत्तमराव काकांनी तो बसस्टँडवर लावला, बाबांच्या शिलाईच्या दुकानाच्या अगदी समोर, विजेच्या खांबापासून पानटपरीपर्यंत. माझा बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो इतका मोठा केला आहे की आधी नाक दिसतं आणि मग मी. खाली लिहिलं आहे: आपल्या गावची भावी डॉक्टर कु. राखी शंकरराव इंगळे हिने बी.एस्सी. पास होऊन डॉक्टरकीचा अर्धा रस्ता पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

हा अर्धा रस्ता कुठून आला ते तुला माहीतच आहे. उत्तमराव काका चिखलीच्या कोर्टात शिपाई होते. वकील लोक आधी पदवी घेतात आणि मग वकिली शिकतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं. म्हणून डॉक्टरही तसाच होत असणार, आधी बी.एस्सी. आणि मग मोठं कॉलेज, असं त्यांनी बाबांना पटवलं. मी बारावीला होते तेव्हापासून सांगत आले की डॉक्टरकी बारावीनंतरच लागते, नीटच्या मार्कांवर लागते, आणि बी.एस्सी.चा त्यात एक मार्कसुद्धा धरत नाहीत. बाबा होकाराची मान हलवतात आणि म्हणतात की हाव, पण शिकलेलं कुठं वाया जाते काय. घरात पहिली पदवी आली आहे, तिला कोणी वाया गेलेली म्हणायला तयार नाही. मीसुद्धा नाही. तीन वर्षं झूलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री मी मनापासून शिकले. त्याच तीन वर्षांत तीनदा नीट दिली आणि तिन्ही वेळा दारापर्यंत जाऊन परत आले, हे तेवढं फ्लेक्सवर मावलं नाही.

लोक चांगले आहेत गं. शेजारच्या जनकाबाई दर दोन दिवसांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन येतात आणि डॉक्टरीणबाई, ही सकाळची की संध्याकाळची, असं विचारतात. विहारात यंदाच्या पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू आहे. तिथे गेलं की म्हाताऱ्या बाया सरकून मला पुढे जागा करतात. मला थकवा अभ्यासाचा येत नाही, या सरकण्याचा येतो.

आता तुझ्या विषयांचं. तुमच्या अकरावीच्या डॉक्टर बॅचला सर मॅथ सोडायला सांगतात, त्यात त्यांचं खोटं नाही. मॅथ सोडलं की तेवढा वेळ बायोलॉजीला मिळतो. पण मी अकरावीत मॅथ सोडलं तेव्हा घरात पेढे वाटले होते, ओझं उतरलं म्हणून, आणि नीट हुकल्यावर मी दुसरीकडे पाहायला गेले तर निम्म्या दारांवर लिहिलं होतं, मॅथ हवं. मॅथ ठेवलं म्हणून डॉक्टरकीचं दार बंद होत नाही, फक्त अभ्यास जास्त होतो. सोडलं तर मात्र बाकीची दारं बंद. तुला आकडे आवडतात. पाचवीत तू दुकानात बसून बाबांच्या आधी गिऱ्हाइकाला कापड किती लागेल ते सांगायचीस. तेव्हा तू मॅथ ठेव. एका घराला एक डॉक्टर पुरे. ती मी होईन. मे महिन्यात पुन्हा नीट देईन, पुस्तकं काढली आहेत.

शेवटी ठेवलेला प्रश्न तसाच राहिला. वेळ संपली, पेपर जमा करते.

आईचा मुका, बाबांचा आशीर्वाद. इतक्या लांबून जेवढा जीव लावता येतो तेवढा लावत राहा.

तुझी,
राखीताई


लातूर,
२ सप्टेंबर २०२५

ती. राखीताई, बी.एस्सी., अर्धा रस्ता पार, हिस,
धाकटीचा अर्धा वाकून जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मी आंघोळीच्या रांगेत उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की माझा नंबर गेला. रुबिनाला फ्लेक्सचं सांगितलं. रुबिना म्हणजे माझ्या खोलीतली, खामगावची, तिच्या अब्बांचं तिथे बांगड्यांचं दुकान आहे. ती म्हणाली की दिवाळीला घरी जाताना ती अमडापूरला उतरून त्या नाकाला सलाम करून जाणार.

आता कामाचं. तुझा हिशोब मला मान्य नाही.

रविवारी फोनवर तू बरी आहे म्हणालीस, आणि थोड्या वेळाने पुन्हा बरी आहे म्हणालीस, मी काही विचारलं नसताना. मागून आई बोलली की इचं जेवणात ध्यान नाही. स्पीकर इकडेच चालू असतो असं तुला वाटतं का? तिकडचंही सगळं येतं. मग मी विचार केला. एका घराला एक डॉक्टर पुरे, हे वाक्य तुझं. ते मी घेतलं. फक्त ती मी. तू तीनदा दिलीस, आता माझी पाळी. मी नवी आहे, माझ्यात दम आहे, आणि बायोलॉजीचे सर म्हणतात की माझं पाठांतर वर्गात पहिलं आहे.

म्हणून मी सरांकडे अर्ज दिला आहे, मॅथ सोडून भूगोल घेते म्हणून. त्याला पालकाची संमती लागते. सोबत तो कागद आहे. बाबांची सही घेऊन वीस तारखेच्या आत पोचेल असा पाठव. तू पाहिजे तर नीट दे, नको तर देऊ नकोस. तुझी सुट्टी मंजूर.

तुला वाटेल मी रडून वगैरे केलं. अजिबात नाही. बायोलॉजी चांगली आहे. पाठ होते. गणित सुटलं की मला हसू येतं, तसं बायोलॉजी पाठ झाल्यावर येत नाही, एवढाच फरक, आणि डॉक्टरला हसण्याची काय गरज. भूगोलाचं पुस्तकही छान आहे. कडेला पुष्कळ कोरी जागा सोडली आहे, तिच्यात गणितं करता येतात. रुबिनाने मॅथ ठेवलं आहे आणि तिला ते येत नाही. जेवण झाल्यावर ती वही घेऊन माझ्या खाटेवर येते आणि मला तिच्याहून जास्त घाई असते. ती म्हणते, तू छोडकर भी नहीं छोड रही है. मी म्हटलं, गप बस, पुढचं सांग.

आईला सांग की जवसाची चटणी संपली. आम्ही इथे चार जणी आहोत आणि त्यातल्या तिघी उपाशी गावातून आल्यासारख्या खातात. चौथी मी.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्रातून रागव, स्पीकरवर नको.

जिची तू अजून वेणी घालून द्यायला हवीस ती,
मनाली


संग्रामपूर,
१० सप्टेंबर २०२५

चि. राखीस आत्याबाईचा जयभीम व आशीर्वाद.

फोन काऊन नाही केला, असं तुले वाटन. फोनवर तू आत्याबाई आत्याबाई करून माहा राग उतरवते, म्हणून लिवून राह्यली. कागदावरचा राग उतरत नाही.

तुह्या बापानं सांगतलं की मनालीचा कागद आला आणि तू दुकानात हटून बसली की सही करू नका. शंकर बिचारा मधात सापडला. त्यानं मले इचारलं, सिंधू, काय करू. मी म्हटलं, कर सही. पोरगी सोताहून डॉक्टर होते म्हणते, अन् मोठी बहीण आडवी जाते, हे कुठलं शिक्षण बाप्पा? तू मॅथ सोडलं तवा कोणी तुह्या आडवं आलं होतं काय? पेढे खाल्ले आम्ही.

राखी, मी लय शिकली नाही. सातवी. पण मी इथच्या दवाखान्यात किती वर्षं झाले फडकं मारून राह्यली. डॉक्टरसाहेबाची खुर्ची रोज मीच पुसते. गुबगुबीत आहे, फिरते. एक डाव कोणी नव्हतं तवा मी तिच्यात बसून पाह्यलं, उगाच. मग उठली. आपली माणसं दवाखान्यात येतात तं दारापाशीच उभी राह्यतात. बस म्हटलं तरी बसत नाहीत. काय होते ते पुरतं सांगतही नाहीत, हो साहेब हो साहेब करतात अन् बाहेर येऊन मले इचारतात, बाई, काय म्हटलं त्याईनं? त्या खुर्चीत आपल्या घरचं माणूस असलं तं ते बसतीन, असं मले वाटते. साहेब वाईट नाहीत. रक्ताची शिशी खामगावले पाठवतात, रिपोर्ट येते सावकाश, तवरोक माणूस एक तं बरा होते, नाहीतं... सोड.

तुम्ही दोघी बहिणी एकमेकीले पुढं ढकलून राह्यल्या की मागं ओढून राह्यल्या, मले समजत नाही. मले लेकरूबाळ नाही. मी तुमच्याच दोघीकडं पाह्यते. दोघीतून एक तं द्या मले त्या खुर्चीत.

राग आहे, पण घरातलाच आहे, बाहेरचा नाही. भाकर खात जाय. तुही आई म्हणते तू वाळली.

तुही,
सिंधू आत्याबाई


अमडापूर,
१५ सप्टेंबर २०२५

ती. सिंधूआत्याबाईंस,
राखीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मी बाबांना दुकानात वाचून दाखवलं. ते एका सलवारीला नाडीचा नेफा घालत होते. तुम्ही खुर्चीत बसून पाहिलंत तिथे आले तेव्हा त्यांनी मशीन थांबवली, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू केली. त्यामुळे पुढचं मला मोठ्याने वाचावं लागलं आणि ते पानटपरीवाल्यानेही ऐकलं. तेवढी माफी असावी.

आत्याबाई, मी मनालीच्या आडवी गेलेली नाही. मॅथ ठेवूनही ती डॉक्टर होऊ शकते. तिला जास्त अभ्यास पडेल, पण नीटला मॅथ नाही म्हणून कोणी तिला मॅथ शिकायला बंदी केलेली नाही. सोडलं आणि मग डॉक्टरकी नाही मिळाली, तर ती आज मी जिथे आहे तिथे येऊन उभी राहील, माझ्या शेजारी, फ्लेक्सखाली. आणि एक तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिला डॉक्टर व्हायचंच आहे असं नाही. मी थकले असं तिला वाटलं, म्हणून ती माझं ओझं घ्यायला निघाली आहे. ती थकू नये म्हणून मी पुन्हा नीट द्यायला निघाले होते. तुम्ही विचारलंत ढकलताय की ओढताय. मलाही ते तुमचं पत्र वाचून कळलं.

त्या दिवशी दुकानात मी हटून बसले हे खरं. पण झालं ते असं. जनकाबाई नातीचा शाळेचा ड्रेस घेऊन आल्या होत्या, एका वर्षात आखूड झाला म्हणून. बाबांनी तो उलटा केला, शिवण उसवली आणि आतून चांगलं चार बोटं कापड काढलं. शिवणीच्या आत असं जास्तीचं कापड सोडतात, त्याला ते माया म्हणतात. गावातल्या कुठल्याही लेकराचा कपडा असो, बाबा ती ठेवल्याशिवाय कात्री लावत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं की अंगाबरोबर शिवा, तरी ठेवतात, आणि वर त्यालाच दटावतात की पोट्टं उद्या वाढन, तवा मीच आठवीन तुले. जनकाबाई खूश होऊन गेल्या. मनालीचा कागद टेबलावर होता, पेन त्याच्यावर. मी म्हटलं, बाबा, तुम्ही परक्या पोरींच्या कपड्यात माया ठेवता, मग आम्हा दोघींच्या शिक्षणात काऊन नाही ठेवली?

मला हे बोलायला नको होतं की काय, अजून कळत नाही. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आठवडा होत आला, सही केलेली नाही आणि कागद मला परतही दिलेला नाही. जेवायला बसले की शर्टाच्या खिशावर हात ठेवतात. वीस तारीख जवळ आली आहे.

खुर्चीचं म्हणाल, तर तीच खुर्ची मलाही हवी होती. दहावीच्या सत्काराला विहारात माईकवर बोलले होते, डॉक्टर होऊन इथेच परत येईन. ते खरं होतं, आजही ते खोटं झालेलं नाही. पण फ्लेक्स लागल्यापासून पुस्तक उघडलं की मला पेशंट दिसत नाही, तोच दिसतो. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. आईने काल पाण्याचा तांब्या हातात दिला, तर तो घेऊन मी तशीच किती वेळ उभी होते.

तुम्ही पत्रात एक वाक्य अर्धं सोडलंत. रक्ताची शिशी खामगावला जाते त्याचं. मी ते पुन्हा पुन्हा वाचते आहे. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी मलेरियाची काचपट्टी दाखवली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू अंगठीसारखा दिसतो. वर्गात तो सगळ्यांत आधी मला सापडायचा आणि मग पोरी माझ्या टेबलाशी यायच्या. तीन वर्षांत मला हुशार वाटलं ते तिथेच. यावर आणखी काही लिहीत नाही, अजून माझंच नीट ठरलेलं नाही.

तुम्ही एक दिवस या. रागासकट या. आई तुमच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करणार आहे आणि मी तुमचे पाय दाबीन, म्हणजे राग पायातून उतरेल.

वडीलकीचा हात डोक्यावरून काढू नये,
आपली भाची,
राखी


अमडापूर,
२८ सप्टेंबर २०२५

चि. मनालीस,
ताईचा जयभीम, आणि या वेळी खरोखर बरी आहे.

सरांनी तुला बोलावून सांगितलं असेल की वडिलांचा फोन आला आणि तुझं मॅथ कायम राहिलं. तू रडलीस की हसलीस ते कळव. इकडे ते कसं झालं ते ऐक.

अठरा तारखेला संध्याकाळी दुकान बंद करून बाबा घरी आले. तुझा तो कागद त्यांच्या खिशात राहून मऊ झाला होता. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला, कोरा. मग भिंतीकडे पाहत म्हणाले की कापड जास्त असते तं मी माया ठेवली नसती काय, पोरी? मले वाटलं आपल्याजवळ कापडच कमी आहे, म्हणून अंगाबरोबर नेमकं कापलं. एवढंच बोलले. आईने भाकरी थापायची थांबवली होती, ती पुन्हा थापू लागली. सकाळी बाबांनी सरांना फोन लावला आणि खूप मोठ्या आवाजात सांगितलं की मी शंकरराव इंगळे, मनालीचा बाप, तिचं गणित काढू नका. तीनदा सांगितलं. सरांना पहिल्याच वेळेला समजलं होतं.

म्हणून आता स्पष्ट लिहिते, कारण आपण दोघी एकमेकींसाठी करत गेलो आणि त्यात दोघींचं वाटोळं करत होतो. तू डॉक्टर झालीस तर मला आनंद आहे. तू गणित शिकून आणखी काही झालीस तरी तेवढाच आहे. पण माझ्या बदल्यात काही होऊ नकोस. या घरात डॉक्टरची जागा भरायची राहिली आहे असं समजून कोणीही अर्ज करायचा नाही, तूही नाही, मीही नाही.

आत्याबाई गेल्या रविवारी आल्या. तुझ्या फोनवर मागून जो खोकला ऐकू आला तो त्यांचा, मुद्दाम काढलेला. पहिला दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आईशी बोलल्या आणि मला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खामगावला घेऊन गेले. तिथे बी.एस्सी. झालेल्यांसाठी एक वर्षाचा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आहे, रक्त, लघवी, थुंकी तपासण्याचा. त्यांना आधी सांगितलं नाही, नुसतं प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं. आत पोरीपोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. आत्याबाईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या की हे तं साधं स्टूल आहे, खुर्ची नाही. मी म्हटलं, नाही, खुर्ची नाही. पण तुमच्या दवाखान्याच्या शेजारी असं एक स्टूल असलं तर रक्ताची शिशी एस.टी.ने खामगावला जाणार नाही, आणि आपली माणसं माझ्याजवळ बसतील, कारण स्टुलाशेजारी स्टूलच असतं. परत येताना एस.टी.त त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. रडत होत्या की झोपल्या होत्या, मी वाकून पाहिलं नाही. उतरताना म्हणाल्या की तुले डॉक्टरीण म्हणायची तं मी म्हणनच, माह्या तोंडाले कोणी कुलूप लावलं आहे काय.

त्यांना हवं होतं ते मी त्यांना दिलेलं नाही, मनाली, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तरी त्या जाताना जवसाच्या चटणीसाठी जवस निवडून गेल्या.

मी प्रवेश घेतला. वर्ग सुरू झाले. सकाळच्या एस.टी.ने जाते आणि येताना झोप लागते, पण ही झोप वेगळी आहे, उतरल्यावर संपते. मे महिन्यात नीट देणार नाही, हे उत्तमराव काकांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं की याच्यापुढं तरी डॉक्टरकी लागते ना? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, कोर्टात असं नसते.

आणि फ्लेक्स काढला. मीच चढले, बाबांच्या दुकानातल्या शिडीवरून. शिडी आत्याबाईंनी धरली आणि पूर्ण वेळ बडबडल्या की पडशीन, मग तुले कोण तपासन. जनकाबाईंनी विचारलं की काऊन काढून राह्यली, तर आत्याबाईच म्हणाल्या की ऊन लागून राह्यलं तिच्या नाकाले. बाबा समोर मशीनवर बसून पाहत होते. खाली आल्यावर त्यांनी फ्लेक्स हातात घेतला, गिऱ्हाइकाचं कापड पाहतात तसा दोन्ही बाजूंनी पाहिला, ताणून पाहिला आणि म्हणाले, माल मजबूत आहे.

ज्या पिशवीतून हे पत्र आणि चटणी येते आहे ती त्याचीच. जाड सुई लावून शिवली आहे, पांढरी बाजू बाहेर. रुबिनाला सांग, सलाम करायला अमडापूरला उतरायची गरज नाही, नाक तिच्या खोलीतच आलं आहे.

चटणी चौघींनी खा, भांडून खा, पण पत्र एकटीने वाच. जीव तुझ्यात आहे, तो तिकडेच राहू दे.

तुझी,
राखीताई

ता. क. पिशवीच्या तळाला एक जाड शिवण लागेल. भावी डॉक्टर ही अक्षरं तिच्यात गेली आहेत. मी कापून टाका म्हटलं होतं, पण बाबांनी कात्री लावली नाही, आत दुमडून ठेवली. कधी कोणाला लागलीच तर उसवून घेता येतील. मी आपल्या हाताने वरून दुहेरी टीप मारली आहे.